बोलता येईल इतकाच दम

व्यायाम सुटला की माणूस आधी स्वतःलाच बोल लावतो. मी आळशी, माझ्यात चिकाटी नाही, माझ्याच्याने काही होत नाही. पण हाच माणूस वर्षानुवर्षं वेळेवर कामाला जातो, घरातल्या आजाऱ्यासाठी रात्र रात्र जागतो, मनाविरुद्धची कितीतरी कामं निमूट पार पाडतो. चिकाटी नसती तर हे जमलं असतं का? मग व्यायामापाशीच घोडं का अडतं?

माझ्या मते बहुतेक वेळा ते मात्रेपाशी अडतं. पहिल्याच आठवड्यात इतका जोर लावला जातो की शरीराला ती शिक्षा वाटू लागते, आणि शिक्षा कुणी आपणहून रोज भोगत नाही. 'मजा येते म्हणून व्यायाम' हे ऐकायला जरा लाडाचं वाटतं. जीव काढल्याशिवाय फळ मिळत नाही, हे मनात घट्ट बसलेलं असतं. पण करताना बरं वाटणं हे मात्रा बरोबर असल्याचं लक्षण आहे आणि त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. आधी तोच पाहू.

धाप लागते तेव्हा आत काय घडतं

सावकाश चालताना स्नायूंना लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने आरामात तयार होत असते. वेग वाढवला की मागणी वाढते, हृदय आणि फुप्फुसं ती पुरवतात. पुढे एक टप्पा असा येतो की स्नायू साखर फार झपाट्याने वापरू लागतात, त्यातून तयार होणारं लॅक्टेट रक्तात साचू लागतं आणि आम्लता वाढते. ती आम्लता आवरण्याच्या प्रक्रियेत जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला श्वास एकाएकी जोरात चालू लागतो. वेग थोडासाच वाढवलेला असतो, धाप मात्र कितीतरी वाढते. शास्त्रीय भाषेत या टप्प्याला व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड म्हणतात. आपण त्याला धापेचा उंबरठा म्हणू.

पँटेलिमॉन एक्केकाकिस हे संशोधक वर्षानुवर्षं एक साधा प्रश्न घेऊन बसले आहेत: ट्रेडमिलवर किंवा सायकलवर असलेल्या माणसाला त्या क्षणी कसं वाटतंय? उत्तरांमधून जे चित्र उभं राहिलं ते बरंच स्पष्ट आहे. उंबरठ्याच्या अलीकडे बहुतेकांना बरं वाटतं. उंबरठ्याच्या आसपास माणसामाणसांत फरक पडतो, कुणाला ती चुरस आवडते, कुणाला नकोशी होते. बराच पलीकडे गेलं की जवळजवळ प्रत्येकाला वाईटच वाटतं. आणि थांबल्याबरोबर सगळ्यांना हायसं वाटतं.

गफलत होते ती या शेवटच्या गोष्टीमुळे. 'करताना जीव जातो, पण नंतर काय मस्त वाटतं!' असं पुष्कळ जण सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. पण माणूस पुढचे काही महिने व्यायाम करत राहील का, याचा अंदाज व्यायाम चालू असताना कसं वाटलं यावरून बांधता येतो. संपल्यानंतर कसं वाटलं, यावरून तसा बांधता येत नाही. उद्या सकाळी अंथरुणातून उठताना आठवतो तो जीव गेलेला भाग.

यात आणखी एक मेख आहे. ज्याने बरीच वर्षं काही केलेलं नाही, त्याचा उंबरठा फार खाली असतो. त्याच्यासाठी नुसतं झपाझप चालणंही उंबरठ्याच्या पलीकडे जाऊ शकतं. त्यामुळे रोज धावणारा मित्र 'चल, हळूहळूच पळू' म्हणतो तेव्हा त्याचं हळू आणि तुमचं हळू यात मोठं अंतर असतं. तो खोटं बोलत नसतो, पण तुम्हाला मात्र आपण कमी पडलो असं वाटत राहतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सराईत माणसाबरोबर सुरुवात करू नये, असं माझं मत होत चाललं आहे. निदान पहिले दोन महिने तरी नाहीच.

उंबरठा ओळखायला नाडी मोजणारं घड्याळ किंवा पट्टा लागत नाही. चालता चालता एखादं लांबलचक वाक्य मोठ्याने बोलून बघा, पाठ असलेली कविता म्हणून बघा. गाणं गाता येत असेल तर वेग अगदी हलका आहे. गाता येत नाही, पण वाक्य पुरं करता येतं आणि मग श्वास घ्यावा लागतो, ही मध्यम मात्रा. दोन-तीन शब्दांनंतरच वाक्य तुटायला लागलं की उंबरठा आला. आता वेग जरासा कमी करा. मिनिटाभरात वाक्यं पुन्हा सलग यायला लागतात, आणि तुमचा आजचा वेग तुम्हाला सापडलेला असतो. तो कालच्यापेक्षा कमी असू शकतो, कारण झोप, ऊन, ताण या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. चढ लागला की परत बोलून बघायचं. नियमितपणा राहिला की काही आठवड्यांत हा उंबरठा आपोआप वर सरकतो. पूर्वी धाप लागणाऱ्या वेगात गप्पा मारता येऊ लागतात.

एक छोटी युक्ती इथेच सांगतो. आपली आठवण सगळ्या मिनिटांची सरासरी काढत नाही, शेवटाला जास्त वजन देते. एक्केकाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना व्यायामाचा जोर हळूहळू वाढवत न्यायला सांगितला आणि काही जणांना उलट, जोरात सुरू करून हळूहळू कमी करायला. उतरत्या क्रमाने करणाऱ्यांना तो व्यायाम नंतर जास्त सुखाचा म्हणून आठवला. तेव्हा आधी अंग गरम करून घ्यावं, अवघड भाग मग लगेच उरकावा आणि शेवटची दहा मिनिटं रमतगमत घालवावीत. शेवटच्या फेरीत जीव तोडून धावायची पद्धत स्पर्धेपुरती ठीक आहे.

किती पुरेसं

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मार्गदर्शक सूचना नव्याने दिल्या. प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस हालचाल करावी, दोघांचं मिश्रणही चालेल, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. वय झालेल्यांनी यात तोल सांभाळण्याच्या व्यायामांची भर घालावी, आठवड्यातून तीन दिवस तरी. दीडशे मिनिटं म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती गुपचूप गाळलेली एक अट. 2010 च्या सूचनांमध्ये सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरायची नाही, असं होतं. 2020 मध्ये ती अट गेली. जिने चढणं, बसच्या मागे पळणं, फोनवर बोलताना घातलेल्या येरझारा, सगळं जमेला धरलं जातं.

दहा हजार पावलांचा आकडा मात्र डॉक्टरांकडून आलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली होती. 1965 साली तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं आणि त्याच्या नावातच हा गोल आकडा होता. तो जगभर पसरला. पुढे 2019 मध्ये आय-मिन ली यांच्या गटाने सुमारे 17 हजार वयस्कर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. साधारण 7,500 पावलांनंतर आलेख सपाट झाला. असा अभ्यास निरीक्षणावर आधारलेला असतो, त्यामुळे जे चालले ते चालल्यामुळेच जगले असं छातीठोक म्हणता येत नाही. पण आलेखाचा हाच आकार इतर अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसतो. सगळ्यात मोठा फायदा अगदी सुरुवातीच्या पायऱ्यांवर मिळतो. काहीच न करणारा माणूस थोडंसं करू लागला की त्याच्या पदरात जे पडतं, तेवढं भरपूर करणाऱ्याला आणखी करून मिळत नाही.

या सगळ्या संशोधनाचा उगम लंडनच्या दुमजली बसमध्ये आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी 1953 साली दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या बसचालकांपेक्षा दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. लगेच शंका निघाली: मुळात ही माणसंच वेगळी असतील तर? मॉरिस यांनी गणवेशांची मापं तपासली, आणि खरंच, चालकांच्या कमरा मोठ्या निघाल्या. शंका अगदीच पोकळ नव्हती. पण टपाल खात्यातही तोच नमुना दिसला होता. फिरून पत्रं वाटणाऱ्यांची हृदयं खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुस्थितीत होती. गंमत बघा, यातलं कुणीही 'व्यायाम' करत नव्हतं.

वजनकाट्याचा जाच

व्यायाम सुटण्याचं दुसरं मोठं कारण पायाखालच्या काट्यात आहे. महिनाभर घाम गाळला, काटा जागचा हलला नाही, मग काय उपयोग? यात शरीराचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. हर्मन पाँट्झर यांच्या गटाने टांझानियातल्या हादझा लोकांची ऊर्जा मोजली. शिकार करून, कंदमुळं खणून जगणारी ही माणसं दिवसभर पायपीट करतात. 2012 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चक्रावणारे होते. शरीराचा आकार लक्षात घेतला तर हादझांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च बैठं काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकाच निघाला. पाँट्झर यांच्या मते शरीर हालचालीवरचा वाढीव खर्च इतर कामांवरच्या खर्चात काटकसर करून काही प्रमाणात भरून काढतं. यावर वाद चालू आहेत. पण नुसत्या व्यायामाने वजन अपेक्षेपेक्षा कमी उतरतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वजनाचा प्रश्न मुख्यतः आहाराचा, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय.

मग व्यायाम करायचा कशासाठी? एकच उदाहरण जरा जवळून पाहू. जेवणानंतर रक्तातली साखर वाढते. ती पेशींत शिरायला एरवी इन्सुलिनची परवानगी लागते. स्नायू आकुंचन पावू लागले की त्यांच्या पेशींच्या आत दडलेले साखरेचे वाहक रेणू इन्सुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. स्नायू हे शरीरातलं साखर रिचवणारं सगळ्यात मोठं ठिकाण असल्यामुळे जेवून उठल्यावर पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची उसळी बोथट होते. हे पहिल्याच दिवशी घडतं. रक्तदाब, झोप, मनाची तरतरी यांच्यावरचे परिणामही वजन घटायची वाट बघत नाहीत. ज्याला काटा सोडून दुसरं माप हवं आहे, त्याने तीन मजले चढून गेल्यावर श्वास किती वेळात जागेवर येतो ते बघावं.

ताकदीची वेगळी मजा

चालणाऱ्यांना ताकदीचा व्यायाम नकोसा वाटतो. त्याची गरज मात्र वय वाढेल तशी वाढते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. पण या उताराचा केवढा तरी भाग वयाचा नसून न वापरण्याचा असतो. 1966 साली डॅलसमध्ये पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढी खाली आली होती, त्यापेक्षा जास्त ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी आली होती. उलट बाजूचा पुरावाही आहे. मारिया फियातारोने यांनी 1990 साली नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा चांगला जोरकस व्यायाम दिला. जे शेवटपर्यंत टिकले त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत!

सुरुवात खुर्चीपासून करता येते. हातांचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं, धपकन टेकायचं नाही. उठताना टाचा जमिनीला दाबायच्या, बसताना मनात तीन आकडे मोजायचे. जिथे 'आणखी दोन-तीन जमतील' असं वाटतं तिथे थांबायचं. हे सोपं वाटू लागलं की खुर्ची बुटकी घ्यायची किंवा हातात वजन धरायचं. ढकलणं, ओढणं, उचलणं, वजन घेऊन चालणं, या मोजक्या हालचालींत बहुतेक सगळं शरीर येतं. चालण्याची मजा चालू असतानाची असते. ताकदीची मजा मुख्यतः प्रगती दिसण्याची असते. मागच्या महिन्यात न उचललेलं ओझं आज उचललं जातं, ही गोष्ट अंगाला कळते.

दुसऱ्या दिवशी अंग दुखेल. ते, अनेकांना वाटतं तसं, लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे, ते ॲसिड तर तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. स्नायूंना सवय नसलेला ताण पडून त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होते, विशेषतः वजन खाली आणताना, आणि ती भरून येताना एक ते तीन दिवस दुखतं. दर वेळी दुखायलाच हवं हा समज मात्र सोडून द्यावा. आणखी एक: स्नायू भराभर बळकट होतात, पण त्यांना हाडांशी जोडणारे टेंडन मागे राहतात. महिन्याभरात उत्साह आणि ताकद दोन्ही वाढलेली असतात आणि नेमके तेव्हाच गुडघे-खांदे कुरकुरू लागतात. ताकद आली म्हणून वजन एकदम वाढवू नये ते यासाठीच.

छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं होणं, भोवळ येणं, नेहमीपेक्षा वेगळाच दम लागणं, यातलं काही झालं तर थांबून डॉक्टर गाठायचा. हृदयविकार, मधुमेह, गरोदरपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर सुरू करण्याआधीच त्यांच्याशी बोलून घ्यावं.

रोजच्या दिवसात कुठे बसवायचं

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की माणूस एखादी गोष्ट आतल्या ओढीने करतो तेव्हा तीन गरजा भागत असतात: ती आपण निवडलेली असते, तिच्यात आपल्याला काही जमतंय असं वाटतं, आणि तिच्यामुळे माणसं जोडली जातात. व्यायामाची बहुतेक वेळापत्रकं पहिल्याच गरजेवर पाणी फिरवतात. दुसऱ्याने आखलेलं, दुसऱ्याच्या शरीरावर बेतलेलं. नाचणं, पोहणं, बागेत खणणं, पोरांशी पकडापकडी, डोंगर चढणं, यातलं जे करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही तेच मुख्य धरावं आणि उरलेलं त्याच्या भोवती बसवावं. सलग किती दिवस केलं ते दाखवणाऱ्या ॲपबद्दल मला विशेष प्रेम नाही. साखळी चालू असते तोवर छान, तुटली की माणूस व्यायामच सोडतो. त्यापेक्षा बरोबर चालणारी एक व्यक्ती कधीही बरी, कारण तिच्याशी गप्पा अर्धवट राहिलेल्या असतात.

झोपेला आपण आरोग्याच्या हिशोबात शेवटचं पान देतो. प्लामेन पेनेव्ह यांच्या गटाने 2010 मध्ये एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. तीच माणसं, तेवढाच कमी केलेला आहार, एकदा बिछान्यात साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळी सारखंच उतरलं. पण कमी झोपेच्या काळात उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा निम्म्याहून जास्त घटला, गेले ते स्नायू. झोप मोडून पहाटेचा व्यायाम करणाऱ्याने हा सौदा एकदा तपासून बघावा. स्नायूची दुरुस्ती विश्रांतीत होते, व्यायाम तर फक्त तिची मागणी नोंदवतो.

सवय 21 दिवसांत लागते, हे ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं वाक्य. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात (2010) सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता, मधला आकडा 66. व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

मोठा खंड पडला तर? आजारपण येतं, प्रवास होतात, घरात लग्न निघतं. दोन आठवड्यांहून जास्त सुटलं असेल तर पूर्वीच्या निम्म्या वजनाने आणि निम्म्या वेळाने परत सुरू करावं, एकेक आठवड्याने वाढवावं. एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा कमवायला कमी वेळ लागतो. ताप असेपर्यंत काहीच करायचं नाही. आणि बाकी दिवशी अंग नको म्हणत असेल तर दहाच मिनिटं करून बघायची. दहा मिनिटांनंतरही नकोच वाटलं तर बूट काढून ठेवायचे, तेवढीही जमेला धरली जातात.